विकतचा वाचक परवडतो का?

गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला. वेबसाइट तयार आहे, ॲडसेन्सची मंजुरी मिळाली आहे, पण वाचक येत नाहीत. मग गूगलवर जाहिरात देऊन रुपया-दीड रुपयाला एक असे वाचक आणले आणि साइटवरच्या जाहिरातींतून त्याहून जास्त मिळवले तर?

प्रश्न रास्त आहे. या उद्योगाला आर्बिट्राज म्हणतात, म्हणजे एका बाजारात स्वस्त घ्यायचं आणि दुसऱ्या बाजारात महाग विकायचं. लासलगावला कांदा घेऊन मुंबईत विकणारा व्यापारी हेच करतो. पण त्याला दोन्हीकडचे भाव सकाळीच कळतात. आपल्याला खरेदीचा भाव आज कळतो आणि विक्रीचा पक्का भाव पुढच्या महिन्यात. बहुतेकांचे पैसे या मधल्या काळातच बुडतात, म्हणून एकेक पायरी सावकाश पाहू.

आधी खरेदीची बाजू. गूगल ॲड्स 2000 साली ॲडवर्ड्स या नावाने सुरू झालं आणि 2018 मध्ये त्याचं नाव बदललं. इथे आपण जाहिरातदार असतो. ‘पे पर क्लिक’ म्हणजे जाहिरात कितीही वेळा दिसो, पैसे मोजायचे ते कुणी तिच्यावर क्लिक केलं तरच. एका क्लिकचा भाव लिलावाने ठरतो. आपण जास्तीत जास्त किती देऊ ते सांगून ठेवता येतं.

आता विक्रीची बाजू. ॲडसेन्स, म्हणजे आपल्या साइटवर जाहिराती दाखवून त्याचे पैसे देणारी गूगलची सेवा, 2003 पासून आहे आणि तिथे आपण प्रकाशक असतो. वाचकाने जाहिरातीवर क्लिक केलं की पैसे मिळतात, असं अजून पुष्कळांना वाटतं. पण 2024 च्या सुरुवातीपासून ॲडसेन्स मुख्यतः जाहिरात दिसण्याचे पैसे देतं. गूगल ॲड्समधून आलेल्या जाहिरातीवर जाहिरातदार जे मोजतो, त्यातले साधारण 68 टक्के प्रकाशकाला मिळतात.

म्हणजे खरेदी क्लिकच्या भावाने आणि विक्री दिसण्याच्या भावाने. दोन वेगळी मापं झाली, एक शेराचं आणि एक पायलीचं. त्यांची सांगड घालायला एक शब्द लक्षात ठेवावा लागतो: आरपीएम, म्हणजे आपल्या साइटची हजार पानं पाहिली गेली की हातात पडणारी रक्कम.

आता वही घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत, आपण आपले घालावेत. समजा, दीड रुपयाने हजार क्लिक घेतले, म्हणजे 1500 रुपये. भारतात या बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो, त्याचे 270. एकूण 1770. आपण जीएसटी नोंदणी केलेली असेल तर हा कर पुढे वळता करता येतो, नसेल तर तो खर्चच. घरून साइट चालवणारे ही ओळ लिहायलाच विसरतात.

हजार वाचकांपैकी काही एक पान पाहून जातात, काही दोन-तीन पाहतात. सरासरी 1.4 धरली तर 1400 पानं झाली. आरपीएम 100 रुपये असेल तर उत्पन्न 140 रुपये. गेले 1770, आले 140.

नुसती बरोबरी साधायची तर आरपीएम सुमारे 1264 रुपये हवा. मराठी मजकुराला असा भाव मिळताना मी पाहिलेला नाही. न्यू जर्सीत बसलेला मराठी वाचक आपलं पान उघडतो तेव्हा त्याला दाखवलेल्या जाहिरातीला दर बरा मिळतो हे खरं. पण तिथला क्लिकही महाग पडतो, कारण तोच माणूस तिथल्या जाहिरातदारांनाही हवा असतो.

मग कुणाला कधी परवडलं? क्लिक फार स्वस्त होते आणि एकाच पानावर जाहिरातींची गर्दी करता येत होती, तेव्हा काहींना परवडलं. अशा साइटना ‘मेड फॉर ॲडसेन्स’, म्हणजे केवळ जाहिरातींसाठी बनवलेल्या साइट, असं नावच पडलं. 2007 मध्ये गूगलने अशी अनेक खाती बंद केली. तरी हा प्रकार संपला नाही. अमेरिकेतल्या जाहिरातदारांच्या राष्ट्रीय संघटनेने 2023 मध्ये खुल्या वेबवरच्या जाहिरातखर्चाचा अभ्यास केला, तेव्हा 15 टक्के पैसा असल्याच साइटवर जात असल्याचं दिसलं.

हे सांगायचं कारण व्यावहारिक आहे. मुख्यतः जाहिराती दाखवण्यासाठी केलेल्या पानाकडे वाचक पाठवायला गूगल ॲड्सचे नियम मनाई करतात. ॲडसेन्सचे नियमही मजकुरापेक्षा जाहिराती जास्त असू नयेत असं सांगतात. वाचक विकत आणायला बंदी नाही, पण तो कुठून आणला याची जबाबदारी प्रकाशकाची. तेव्हा पैसे ओतण्याआधी आपलं पान जाहिराती झाकून वाचून पाहा. कुंडीत टोमॅटो कसे लावावेत हे शोधत आलेल्या माणसाला त्यात माती, पाणी, ऊन, कीड यांची उत्तरं मिळाली पाहिजेत.

पान पक्कं झालं की मोहीम उभी करायची. मोहीम म्हणजे एका उद्देशाने, एका बजेटमध्ये चालवलेल्या जाहिराती. इथे गूगलने आधीच करून ठेवलेल्या काही निवडी आपला खिसा हलका करतात, म्हणून जरा थांबून पाहू.

पहिली निवड ठिकाणाची. आपण ‘महाराष्ट्र’ निवडतो आणि निश्चिंत होतो. पण मूळ सेटिंगमध्ये महाराष्ट्रात असलेल्यांबरोबर महाराष्ट्रात रस दाखवणारेही येतात. सहलीची चौकशी करणारा दिल्लीचा माणूस आपलं मराठी पान उघडतो आणि दोन सेकंदांत मागे फिरतो. फक्त त्या ठिकाणी असलेल्यांचा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो.

दुसरी निवड डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतरांच्या साइट आणि ॲपमध्ये आपली जाहिरात दाखवण्याची. शोध-मोहिमेत, म्हणजे गूगलच्या शोधनिकालांत दिसणाऱ्या जाहिरातींच्या मोहिमेत, त्याची खूण बऱ्याचदा आधीच केलेली असते. तिथले क्लिक स्वस्त दिसतात, पण त्यातले पुष्कळ मोबाइलवरच्या खेळात चुकून लागलेल्या अंगठ्याचे असतात. सुरुवातीला ती खूण काढून टाका.

तिसरी गोष्ट शब्दांची, म्हणजे कुठल्या शोधांवर जाहिरात दिसावी हे ठरवणाऱ्या शब्दांची. ‘ब्रॉड मॅच’ ठेवलं तर आपल्या शब्दाशी दूरचं नातं असलेल्या शोधांवरही जाहिरात दिसते. कुंडीतल्या टोमॅटोची जाहिरात टोमॅटोचा बाजारभाव शोधणाऱ्यापुढे जाते. लोकांनी प्रत्यक्षात काय शोधलं याचा अहवाल दर दोन दिवसांनी उघडा आणि नको ते शब्द वगळायच्या यादीत घाला. कंटाळवाणं काम आहे, पण सगळ्यात जास्त बचत मला इथेच झालेली आहे.

आणि रोजचं बजेट. 100 रुपये लिहिले तरी एखाद्या दिवशी 200 रुपयांपर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याची मर्यादा मात्र रोजच्या रकमेच्या 30.4 पट असते. हे माहीत नसलं की दुसऱ्याच दिवशी माणूस घाबरतो.

गूगलपेक्षा कितीतरी स्वस्तात हजारो वाचक देऊ म्हणणारेही भेटतात. मी एकदा अशा एका कंपनीकडून वाचक घेतले. आकडा पहाटे तीन वाजताही तितक्याच जोमाने चढत होता, आणि जवळपास कुणीही दुसरं पान उघडलं नाही. ती माणसं नव्हती, यंत्रं होती. ॲडसेन्स याला अवैध ट्रॅफिक म्हणतं. त्यातून दिसलेली कमाई नंतर कापली जाते आणि प्रकार वाढला तर खातंच जातं. वर्षानुवर्षांची मेहनत त्या खात्याला जोडलेली असते. पाचशे-हजार रुपयांच्या स्वस्ताईसाठी ती पणाला लावू नका, असं मी कळकळीने सांगेन. स्वतःच्या जाहिरातींवर क्लिक करणं किंवा नातेवाइकांना करायला सांगणं हेही त्यातच मोडतं.

वाचक खरा की पोकळ हे गूगल ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या साधनात, दिसतं. जाहिरातीतल्या दुव्याला यूटीएम, म्हणजे वाचक कुठून आला हे सांगणारी शेपटी, जोडा. मग विकत आणलेले वाचक वेगळे मोजता येतात. 10 सेकंदांहून जास्त थांबलेली किंवा दोन पानं पाहिलेली भेट ॲनालिटिक्स गुंतलेली भेट धरतं. विकतच्या वाचकांत हे प्रमाण आपसूक येणाऱ्यांपेक्षा फारच कमी असेल तर दोष शब्दांत आहे किंवा पानात.

पैशाच्या चक्राचाही विचार हवा. जाहिरातीचा खर्च लगेच होतो. ॲडसेन्सवर रोज दिसणारी रक्कम मात्र अंदाजी असते. ती पक्की होते पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला, आणि 21 ते 26 तारखेच्या दरम्यान पैसे निघतात. तेही शिल्लक 100 डॉलर झाली असेल तरच, नाहीतर ती पुढे सरकते. शिवाय जाहिरातींचे दर वर्षभर सारखे नसतात. वर्षअखेरीस चढलेला दर जानेवारीत उतरतो. डिसेंबरच्या आरपीएमवर बेतलेली मोहीम फेब्रुवारीत तोट्यात जाते.

एवढं सगळं पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की विकतचा वाचक एका भेटीत परवडत नाही. परत आला तरच परवडतो. दुसऱ्या भेटीला क्लिकचा भाव नसतो. म्हणून जाहिरात साइटवरच्या सगळ्यात टिकाऊ, वर्षभर कामाला येणाऱ्या एकाच लेखाची द्यावी, आणि त्या लेखाखाली ईमेल यादीची किंवा व्हॉट्सॲप चॅनेलची जागा ठेवावी.

पहिली चाचणी सात दिवसांची, रोज 100 रुपयांची करा. वहीत रोज चारच आकडे लिहा: करासह खर्च, आलेले वाचक, त्यांनी पाहिलेली पानं आणि यादीत आलेली नवी नावं. मग मोहीम बंद करून तीन आठवडे थांबा आणि त्या वाचकांपैकी किती परत आले ते पाहा. शंभरात चार-पाचही परतले नसतील तर पुन्हा पैसे घालण्याआधी तो लेख नव्याने लिहायला घ्या.