पाठीवरची अक्षरं

सोलापुरात चादर घ्यायला गेलेलं जाणतं माणूस आधी ती उलटी करून बघतं. नक्षी मागूनही ठसठशीत उठली आहे का, काठ नीट बसलाय का, कोपऱ्यातलं लेबल कुणाचं आहे. दर्शनी बाजू सगळ्यांचीच देखणी असते, विणणाऱ्याचा हात कळतो तो मागच्या बाजूला. युद्धकाळातली पदकं, बिल्ले आणि नाणी जमवणाऱ्यांचंही असंच असतं. हातात आलेली वस्तू ते आधी पालथी करतात.

माझ्या आजीच्या लाकडी पेटीत सुताच्या दोऱ्यात ओवलेले दहा भोकाचे पैसे होते. ही माळ मी एकदा ओळखीच्या सोनाराकडे नेली. काट्यावर ती वीस ग्रॅमच्या आसपास भरली. मग तीच माळ पाण्याने भरलेल्या भांड्यात बुडती टांगून पुन्हा तोलली, तर वजन सव्वादोन ग्रॅमने घटलं. विसाला सव्वादोनाने भागलं की येतात जवळजवळ नऊ. पाण्यापेक्षा इतका जड धातू म्हणजे तांबं किंवा तांब्याचं प्रमाण भरपूर असलेलं काशासारखं मिश्रण. माळ जस्ताची असती तर घट पावणेतीन ग्रॅमच्या पुढे गेली असती आणि ॲल्युमिनियमची असती तर सात ग्रॅमच्याही वर. आर्किमिडीजचा हा नियम शाळेत पाठ केला होता, पण तो हाताला कळला त्या दिवशी.

या पैशाला भोक पडलं ते महायुद्धामुळे. काडतुसांची टोपणं, तारा, यंत्रांचे भाग अशा सगळ्यांना तांबं लागत होतं. 1943 मध्ये निघालेल्या भोकाच्या पैशात जुन्या पैशाच्या निम्म्याहूनही कमी धातू होता. निकेलही दुर्मीळ झालं, म्हणून आणे आणि अर्धे आणे पिवळ्या निकेल-पितळेत निघाले. रुपयाचं तर रूपच पालटलं. आधीच्या रुपयात जवळजवळ 92 टक्के चांदी होती. 1940 पासून ती 50 टक्क्यांवर आली आणि बाकीच्या निम्म्यात तांबं, निकेल, जस्त मिसळलं गेलं. असा रुपया बनावट करणं सोपं जाऊ नये म्हणून त्याच्या कडेच्या दातऱ्यांमध्ये एक नक्षीदार खाच घातली. नाणं कुठं पाडलं गेलं तेही बघता येतं. कमळाखाली टिंब किंवा चौकट असेल तर मुंबईची टाकसाळ, बारीक ‘एल’ असेल तर युद्धातच सुरू झालेली लाहोरची. कलकत्त्याच्या नाण्यावर खूणच नसते.

त्याच वर्षांत जर्मनीतही हीच गोष्ट घडत होती. तिथल्या हवाई दलाचा वैमानिक बिल्ला 12 ऑगस्ट 1935 रोजी ठरवला गेला. अर्ध्या भागात ओकची आणि अर्ध्या भागात लॉरेलची पानं असलेली अंडाकृती चंदेरी माळ आणि तिच्यावर दोन रिव्हेटांनी जडवलेला काळपट गरुड अशी त्याची रचना. गरुडाच्या पायात नाझी राजवटीचं चिन्ह आहे. त्या राजवटीने काय केलं ते विसरून हा बिल्ला शोभेसाठी टांगणाऱ्यांशी मला काही बोलायचं नाही. खुद्द जर्मनीत ते चिन्ह चारचौघांत मिरवायला कायद्याने बंदी आहे, अभ्यासापुरती सूट आहे. पण हिशेबाच्या वहीसारखा, पुरावा म्हणून पाहिला तर हा बिल्ला खूप सांगतो.

सुरुवातीचे बरेच बिल्ले तोंबाकचे. तोंबाक म्हणजे तांबं भरपूर आणि जस्त थोडं असलेलं लालसर पितळ. त्यावर ठशाची रेघ न् रेघ स्पष्ट उठते आणि मुलामा घट्ट बसतो. युद्ध लांबत गेलं तसा हा धातू दारूगोळ्याकडे वळला आणि बिल्ले जस्ताचे होऊ लागले. जस्त स्वस्त, पण हळवं. त्याच्यावरचा चंदेरी मुलामा टिकत नाही, फुगतो, पोपडे निघतात आणि खालून करडा धातू डोकावतो. ओलसर जागी ठेवलं तर पांढरी भुकटी धरते. म्हणून पन्नास पावलांवरून जुळे वाटणारे दोन बिल्ले हातात घेतले की एक वजनदार आणि उबदार रंगाचा, दुसरा राखाडी आणि थकलेला दिसतो. मधे फक्त पाच-सहा वर्षं गेलेली असतात.

पाठीवर पिन, बिजागरी, आकडा आणि कधी कारखानदाराचं नाव असतं. बर्लिनचा युंकर, ल्यूडेनशाइडचा आस्मान, बर्लिनचाच इमे, व्हिएन्नाचे श्नायडर बंधू. ल्यूडेनशाइड हे बटणांचं गाव. गणवेशाची बटणं ठोकणाऱ्या हातांनीच तिथं बिल्लेही ठोकले. 1941 पासून पदकं बनवणाऱ्यांच्या संघाने खासगी विक्रीच्या मालासाठी क्रमांक दिले, त्यात ‘एल/12’ म्हणजे युंकर.

नाव मात्र कुणालाही कोरता येतं, म्हणून जाणकार ठशाकडे बघतो. पोलादी ठसा हजारो घाव सोसून शेवटी तडकतो. त्या केसाएवढ्या भेगेत धातू शिरतो आणि पुढच्या प्रत्येक बिल्ल्यावर बारीक उंचवट्याची रेघ उमटते. तीच रेघ, त्याच पानाच्या त्याच टोकाला, अनेक बिल्ल्यांवर सापडली की ते एकाच ठशाची लेकरं ठरतात, नाव असो वा नसो. बिजागरीचा आकार आणि रिव्हेटाची टोपी यांचीही अशीच जुळणी होते. यात मोठी अडचण 1957 ची आहे. त्या वर्षी पश्चिम जर्मनीने माजी सैनिकांना नाझी चिन्ह काढून जुनी पदकं वापरायची परवानगी दिली आणि त्यातली बरीचशी जुन्याच कारखान्यांनी नव्याने बनवली. म्हणजे कारखाना ओळखला तरी काळ ओळखला असं होत नाही. तिथं क्ष-किरणांनी धातूची तपासणी करणारं उपकरण कामी येतं. वस्तूवर ओरखडाही न उठवता ते तांबं किती, जस्त किती हे सांगतं.

आपल्याकडच्या पदकांवर तर कारखान्याहून मोलाची गोष्ट असते. दुसऱ्या महायुद्धाची पदकं ब्रिटिश सैनिकांना नाव न घालता दिली गेली. भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. 1939-45 च्या युद्धपदकाची पुढची बाजू साऱ्या साम्राज्यात सारखीच, तोच राजा, तोच मुकुट. पण इटलीत लढलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या शिपायाचं पदक त्याच्या कडेवरून वेगळं ओळखता येतं. ही अक्षरं जेमतेम केसाएवढी खोल असतात.

म्हणून कळकळीची विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर असं पदक चिंच आणि राखेच्या तावडीत देऊ नका. चिंचेतलं आम्ल काळा थर काढतं, पण त्याबरोबर धातूचा पापुद्राही उचलतं आणि राखेने कड झिजते. आजीने त्या दहा पैशांची माळ दरवर्षी अशीच लखलखीत केली होती. त्यातल्या चार पैशांवरची साल दाखवणारी अक्षरं आता भिंगाखालीही लागत नाहीत.