साखर मोजली, लघवी कोण तपासणार?

मधुमेह हा बसून खाणाऱ्यांचा आजार, हा गैरसमज आपल्या वस्त्यांत आजही घट्ट आहे. अहोरात्र राबलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही याच आजाराने पोखरले होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा ते अवघे ६५ वर्षांचे होते.

हा आजार नेमके करतो काय? रक्तातील वाढलेली साखर रक्तवाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करते. तिथे दाह सुरू होतो. तो दिसत नाही, दुखतही नाही. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख चाळण्या असतात. त्या म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचे गुंतेच. दाहाने चाळणीची वीण सैल होते आणि अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीतून जाऊ लागते. पुढे मूत्रपिंड थकले की शरीरात विषारी द्रव्ये साचतात, रक्तदाब चढतो आणि सगळ्या शरीरातील रक्तवाहिन्यांचा दाह आणखी भडकतो. म्हणूनच असे अनेक रुग्ण डायलिसिसपर्यंत पोहोचण्याआधीच हृदयविकाराने दगावतात.

नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न अधिक बिकट आहे. येथील आदिवासी बांधवांत सिकलसेलचे प्रमाण मोठे. सिकलसेलनेही मूत्रपिंडे बिघडतात. शिवाय अशा रुग्णांत तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी फसवी ठरू शकते. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या मजुराच्या गोळ्या मध्येच सुटतात आणि अंगदुखीवर मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला आणखी मारक ठरतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिससाठी धडगावच्या पाड्यावरचा माणूस किती दिवस घाट उतरणार? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार मोफत झाला, तरी बुडालेली मजुरी कोण देणार?

वेळीच निदान मात्र महाग नाही. प्रत्येक मधुमेहीच्या लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन वर्षातून एकदा तरी तपासावे आणि रक्तदाब दर भेटीत. चाळणीवरचा दाब कमी करणारी औषधे जुनी व स्वस्त आहेत. मूत्रपिंडाला संरक्षण देणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट आधीच, तर एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ मध्ये संपले. त्यांच्याही किमती उतरल्या. डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यायची ही औषधे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात का मिळू नयेत?

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे संविधानाचे कलम ४७ सांगते. हा प्रश्न ग्रामसभेत विचारला पाहिजे. येत्या १४ एप्रिलला आरोग्य शिबिर भरवणाऱ्या कार्यकर्त्यांनीही केवळ बोटातून रक्त काढून साखर मोजण्यावर थांबू नये; लघवीची तपासणीही करून घ्यावी.