गाडीची आणि फोनची सोयरीक

आमच्या पिढीने घरातल्या यंत्रांच्या मनधरण्या पुष्कळ केल्या. रेडिओ घरघरू लागला की त्याच्या डोक्यावर एक थाप द्यायची. टीव्हीवर मुंग्या आल्या की एकाने गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा आणि दुसऱ्याने खिडकीतून "आलं! आलं! गेलं!" असे ओरडायचे. त्या यंत्रांचे एक बरे होते. बिघाड डोळ्यांना दिसत असे. तार तुटलेली असायची, नाही तर कावळा अँटेनावर बसलेला असायचा. आता गाडी आणि फोन यांच्यामध्ये तारच नाही. दिसायला काही नाही, म्हणून थाप मारायलाही जागा नाही. आणि फोन गाडीला जोडला जात नाही म्हटल्यावर भला शिकलेला माणूसदेखील हताश चेहऱ्याने एकच बटण पुन्हा पुन्हा दाबत बसतो.

माझी सारी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. त्यामुळे "लागत नाही हो!" हे शब्द कुठेही कानावर पडले की मी थबकतो. निवृत्त झाल्यापासून आमच्या सोसायटीतल्या आणि नात्यागोत्यातल्या निदान डझनभर गाड्यांत मी डोके घातले आहे. त्यावरून एवढे सांगतो की, अशा दहा तक्रारींत आठ वेळा गाडीही बिघडलेली नसते आणि फोनही. बिघडलेला असतो तो त्या दोघांमधला करार.

हा करार ज्या पद्धतीने होतो तिला ब्लूटूथ म्हणतात, हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. नावाची हकीकत मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होऊन गेला. त्याचे टोपणनाव होते 'निळ्या दाताचा'. त्याने विखुरलेल्या डॅनिश टोळ्या एका छत्राखाली आणल्या. स्वीडनमधल्या एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन या डच इंजिनिअरने १९९४ साली बिनतारी जोडणीचे काम हाती घेतले. पुढे १९९७ साली इंटेलच्या जिम कार्डाक यांनी, निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकत्र आणणाऱ्या या पद्धतीला त्या राजाचे नाव सुचवले. तात्पुरते म्हणून ठेवलेले नाव कायमचे चिकटले, जसे आपल्याकडे बाळ्या आणि बबड्या साठाव्या वर्षापर्यंत चिकटून राहतात. फोनवर दिसणारी ती खूणही त्या राजाच्या नावातली दोन जुनी अक्षरे एकत्र करून काढलेली आहे.

या पद्धतीच्या लहरी सेकंदाला सुमारे २४० कोटी कंपनांच्या पट्ट्यात धावतात. घरातला वाय-फाय त्याच पट्ट्यात असतो आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही. म्हणजे वस्ती दाट. एकाच वाटेवर उभे राहिले तर धक्के बसणारच, म्हणून फोन आणि गाडी मिळून सेकंदाला १६०० वेळा वाट बदलतात. अशा ७९ वाटा आहेत. दोघांना पुढची उडी कुठे घ्यायची ते आधीपासून ठाऊक असते, तिऱ्हाइताला नसते. या उड्या मारण्याच्या कल्पनेचे एक पेटंट ऑगस्ट १९४२ मध्ये दोघांच्या नावावर निघाले. त्यांतली एक हॉलीवूडची प्रसिद्ध नटी हेडी लमार आणि दुसरा जॉर्ज अँथाइल हा संगीतकार. शत्रूला पाणतीराचे संदेश अडवता येऊ नयेत म्हणून त्यांनी ८८ वाटा योजल्या होत्या, पियानोच्या पट्ट्या असतात तेवढ्याच. पडद्यावर नुसती सुंदर दिसणारी बाई एवढीच जिची ओळख करून दिली गेली, तिच्या डोक्यात हे चालले होते!

असो. आपल्या तक्रारीकडे येऊ.

फोन आणि गाडी पहिल्यांदा भेटतात तेव्हा दोघांच्या पडद्यावर सहा आकडी संख्या येते. ती जुळते का ते पाहून आपण 'हो' म्हणतो. त्याच वेळी दोघे मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि आपापल्या पोटात ठेवून देतात. पुढे रोज भेट होते ती त्या किल्लीच्या ओळखीवर. आता समजा, फोनने काही कारणाने ती किल्ली टाकून दिली आणि गाडीने मात्र जपून ठेवली. मग गाडी जुनी ओळख सांगत राहते आणि फोन "आपण कोण?" म्हणून उभा राहतो. पुष्कळ जण अशा वेळी फोनमधून गाडीचे नाव पुसतात आणि पुन्हा जोडू पाहतात. ते अर्धेच काम झाले. गाडीच्या यादीतूनही फोनचे नाव पुसावे, दोन्ही यंत्रे बंद करून चालू करावीत आणि मग पहिल्या भेटीपासून सुरुवात करावी. निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच मिटतात. गाडीची किल्ली फिरवली म्हणजे तिचा पडदा खरोखर बंद होतोच असे नाही. कित्येक गाड्यांत तो नुसता डुलकी घेतो. त्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. कोणते आणि किती वेळ, ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ती समोरच्या कप्प्यात, बहुधा अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत असेल.

गाडीच्या पोटातली जागाही मोजकी असते. अनेक गाड्यांत पाच-दहा फोनांची सोय, त्यापुढे नाही. भाच्याने गाणी लावली, विहीणबाईंनी भजने लावली, महाबळेश्वरला नेलेल्या ड्रायव्हरने आपला फोन जोडला, की घर भरले! मग नव्या फोनला उंबऱ्यावरच थांबावे लागते.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. संभाषणाचा करार वेगळा आणि गाण्यांचा वेगळा. फोनमधली नावे गाडीने वाचावीत हा तिसरा. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीत फोन स्वच्छ ऐकू येई, पण गाणी मुकी. एका वर्कशॉपने त्यांना सगळा संचच बदलायला सांगितला आणि बत्तीस हजारांचा अंदाज हातावर ठेवला. मी त्यांच्या फोनमध्ये ब्लूटूथच्या यादीत गाडीचे नाव उघडले. खाली तीन लहान खिट्ट्या होत्या, त्यांतली गाण्यांची बंद होती. ती चालू केली. वहिनींनी चहा टाकला होता, तो उकळायच्या आत गाणे सुरू झाले. वर्कशॉपला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

रस्त्याचा नकाशा गाडीच्या पडद्यावर बिनतारी आणणाऱ्या अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले यांचा प्रकार जरा निराळा. तिथे ब्लूटूथ फक्त ओळख करून देण्यापुरता. पुढचा सारा भार वाय-फाय वाहतो. म्हणून "ब्लूटूथ जोडलेला दिसतो, पण नकाशा येत नाही" अशी तक्रार असेल तर फोनचा वाय-फाय चालू आहे का, व्हीपीएन आडवा येतो आहे का, बॅटरी वाचवण्याच्या खटपटीत फोनने ते काम बंद तर केले नाही ना, हे पाहावे. तारेने जोडत असाल तर तार बदलून पाहावी. काही स्वस्त तारा फक्त चार्जिंग करतात, निरोप पोचवीत नाहीत.

आतापर्यंत न जुळण्याविषयी बोललो. पण माझ्या मते नको तेव्हा जुळणे हे त्याहून अवघड दुखणे आहे.

२०२२ च्या पावसाळ्यात माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या मानेला गाठ आली. तपासणीसाठी तुकडा पाठवला होता. पुढच्या तपासण्यांसाठी त्यांना दवाखान्यात न्यायचे, त्या सकाळी डॉक्टरांचा फोन आला. काय निघेल ते नीट कळेपर्यंत अण्णांना काही सांगायचे नाही, असे आम्ही घरात ठरवले होते. सौभाग्यवती फोन घेऊन स्वयंपाकघराच्या बाल्कनीत गेली. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो आणि गाडी बरोबर त्या बाल्कनीखाली उभी असते. चिरंजीवांनी अण्णांना हात धरून खाली नेले, पुढच्या सीटवर बसवले आणि गाडी चालू केली. गाडी बहुतेक वेळा सौभाग्यवतीच चालवते, त्यामुळे यादीत पहिले नाव तिच्या फोनचे. गाडीने तिचा फोन हेरला आणि चालू असलेले संभाषण खाली ओढून घेतले.

वर ही "हॅलो, हॅलो" करीत राहिली. खाली गाडीत, खिडक्या बंद, डॉक्टरांचा आवाज खणखणीत: "गाठ साधी नाही. कॅन्सर आहे. पण लवकर सापडला आहे."

मुलगा सांगतो, त्याला एकही बटण सापडेना. शेवटी हात गाडीच्या किल्लीकडे गेला, तेव्हा अण्णांनी त्याचे मनगट धरले. म्हणाले, "राहू दे. बोलू दे त्यांना." मग जरा पुढे वाकून म्हणाले, "डॉक्टर, मी पेशंटच बोलतोय. पुढचं सांगा."

डॉक्टर क्षणभर गप्प झाले असावेत. मग त्यांनी पुढचे सांगितले. आम्ही धावत खाली पोचलो तोवर अण्णांनी शस्त्रक्रियेचा दिवससुद्धा विचारून घेतला होता. आम्हाला पाहून एवढेच म्हणाले, "बसा लवकर, उशीर होतोय." त्या दिवसानंतर आमच्या घरातली कुजबूज थांबली. शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचार झाले. अण्णा आज बरे आहेत आणि गाडीत पाऊल ठेवले की आधी विचारतात, "कुणाचा फोन जोडलाय?"

सगळ्यांचेच अण्णा असे नसतात. तेव्हा ज्यांची गाडी घराला लागून उभी असते त्यांनी ध्यानात ठेवावे: ब्लूटूथचा पल्ला साधारण तेहतीस फूट धरतात, आणि एक मजला त्याला अवघड नाही. संभाषण असे पळाले तर "हॅलो, हॅलो" करू नये. फोनच्या पडद्यावर स्पीकरचे चिन्ह असते, ते दाबले की आवाज कुठे हवा ते विचारले जाते. तिथे 'फोन' निवडावा. घरात दोन-तीन फोन असतील तर पहिला मान कोणाचा ते गाडीच्या यादीत ठरवून ठेवावे. आणि नाजूक बोलणे चालू असेल तर ब्लूटूथच बंद ठेवावा.

पलीकडच्या माणसाला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो, ही तक्रारही नेहमीची. त्याला गाडीतला आवाज कमी करणे हा उपाय. मायक्रोफोन बहुधा छताच्या दिव्यापाशी असतो. एसीचा झोत तिकडे असेल तर वादळात उभे राहून बोलल्यासारखे ऐकू जाते.

हे सारे उद्योग गाडी उभी करून करावेत. खंबाटकीच्या घाटात एका हाताने फोन चाचपणारे महाभाग मी पाहिले आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली तेव्हा गाडी चालवताना हातात फोन धरणे धोकादायक वाहनचालनात स्पष्ट शब्दांत घातले गेले, आणि त्याला कैदेचीही तरतूद आहे. घाटाची तरतूद त्याहून कडक असते.

शेवटचे काम गाडी विकताना करायचे आणि ते हमखास राहून जाते. माझ्या एका स्नेह्यांनी गेल्या वर्षी जुनी गाडी घेतली. फोन जोडून द्यायला मी गेलो, तर आधीच्या मालकाची सारी यादी गाडीच्या पोटात तशीच. आई, आई नवीन नंबर, दूधवाला, बँकेचे साहेब, आणि एक नाव नुसतेच 'उचलू नये'. स्नेह्यांना ती वाचण्याचा मोह झाला. मी सेटिंगमध्ये जाऊन गाडी कारखान्यातून आली तशी कोरी केली आणि मग त्यांचा फोन जोडला. पहिल्या खेपेत जुळला.