बांधकाम करारातील अनपेक्षित खर्च : भारतीय करार कायद्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
घर बांधताना मालक व कंत्राटदार बहुधा चौरस फुटाचा दर ठरवतात. अनेकदा तोही तोंडीच. पुढे पाया खोदताना मुरुमाऐवजी खोलवर काळी माती लागते, कातळ फोडावा लागतो किंवा सिमेंट व लोखंडाचे भाव वाढतात. हा वाढीव खर्च कोणी सोसायचा, यावरून वाद उद्भवतात. प्रस्तुत लेखात भारतीय करार कायदा, १८७२ च्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

१) काम महाग होणे व अशक्य होणे :
कलम ५६ नुसार करारानंतर एखादे कृत्य अशक्य किंवा बेकायदेशीर झाल्यास करार शून्य ठरतो. मात्र महाग होणे म्हणजे अशक्य होणे नव्हे. इंग्लंडमधील डेव्हिस कॉन्ट्रॅक्टर्स खटल्यात (१९५६) ७८ घरांचे ८ महिन्यांचे काम मजुरांच्या तुटवड्यामुळे २२ महिने चालले; तरीही हाउस ऑफ लॉर्ड्सने करार संपुष्टात आल्याचे मान्य केले नाही. भारतीय सर्वोच्च न्यायालयानेही अलोपी प्रसाद खटल्यात (१९६०) परिस्थिती बदलून काम तोट्याचे झाले, एवढ्यावरून ठरलेल्या किमतीपेक्षा अधिक मागता येत नाही, असे स्पष्ट केले.

२) कराराबाहेरील काम :
एखाद्याने मोफत करण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर कलम ७० नुसार भरपाई द्यावी लागते. पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल या खटल्यात विधिवत करार नसतानाही, सरकारने बांधकामाचा लाभ स्वीकारल्यामुळे कंत्राटदाराला मोबदला मिळाला. परंतु जे काम ठरलेल्या दरातच समाविष्ट आहे, त्यासाठी या कलमाचा आधार घेता येत नाही. म्हणूनच कातळ फोडण्याचा खर्च कोणाचा, याचे उत्तर कातळाच्या कठीणपणात नसून दरात पायाचे काम कोणत्या अटींवर धरले होते, यात आहे.

३) मालकामुळे झालेला विलंब :
पी. एम. पॉल खटल्यात (१९८९) विलंबास काम देणारा पक्षच कारणीभूत असल्याने त्या काळातील भाववाढीचा भार त्याच्यावर टाकण्यात आला. जागा वेळेवर ताब्यात न देणाऱ्या मालकाने हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
करारात जे लिहिलेले नाही, त्याची भरपाई न्यायालय सहानुभूतीपोटी करून देत नाही. म्हणून गृहीत धरलेली जमीन व पायाची खोली, कातळ लागल्यास वेगळा दर, सिमेंट-लोखंडाचे करारावेळचे भाव आणि जादा कामासाठी मालकाची लेखी संमती या बाबी आरंभीच नमूद कराव्यात. पाया बुजवण्यापूर्वी दोघांनी मिळून मोजमाप करून त्यावर सह्या कराव्यात. कारण पाया एकदा बुजला की वादातील मुख्य पुरावाही त्याखाली गाडला जातो. लेखी करार हा अविश्वासाचे लक्षण नसून दोन्ही पक्षांच्या कष्टाच्या पैशाचे संरक्षण आहे.