वखारवाल्यांचे घुमट

सुरतेत कतारगाम दरवाज्याजवळ इंग्रजांचं जुनं कबरस्तान आहे. ख्रिस्तोफर ऑक्झेंडन १६५९ मध्ये वारला, त्याचा भाऊ जॉर्ज १६६९ मध्ये. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा वखार लढवणारा तो हाच जॉर्ज. दोघा भावांवरची दुमजली, घुमटाची इमारत सुमारे ४० फूट उंच आहे आणि घडण थेट मुघल मकबऱ्याची. हयातभर कापड-निळीचे सौदे केलेल्यांना मेल्यावर उमराव दिसायचं होतं! डचही मागे राहिले नाहीत. ‘होर्तुस मलबारिकस’ हा मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध करवणारा व्हान रीडे १६९१ मध्ये गेला. त्याची कबर आणखी भपकेदार.

या भव्यतेला उदात्त म्हणायचं का?

एडमंड बर्कने १७५७ मध्ये सुंदर आणि उदात्त यांची फारकत केली. सुंदर वस्तू मनाला गोंजारते, उदात्त वस्तू धाकात घेते. अफाट आकार, काळोख, एकाच घाटाची न संपणारी ओळ, ही तिची साधनं. अट एकच: धोका आपल्यापासून लांब हवा. ऑगस्ट २००६ मध्ये तापी ज्याच्या घरात शिरली, त्या सुरतकराला पुराची भव्यता सांगून पाहा. वखारीच्या भिंतीआडून पेटलेलं शहर पाहणाऱ्या जॉर्जलाही ती जाणवली नसणार.

कांटने १७९० मध्ये आणखी खोल हात घातला. उदात्तता वस्तूत नसतेच. अफाटापुढे कल्पना थकते, तरी बुद्धी त्याचा विचार करू शकते, हे उमगण्यातला तो आनंद. ही कसोटी लावली तर ४० फुटांपुढे कोणाची कल्पना थकणार? ऑक्झेंडनांच्या कबरीत मला दबदबा दिसतो, उदात्त नाही.

पण एक साक्ष विरुद्ध जाते. पुढे ब्लेनहाइम महाल उभारणारा जॉन व्हॅनब्रू १६८० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर म्हणून सुरतेत होता. १७११ मध्ये लंडनचे मृत गावाबाहेर पुरावेत असं सुचवताना त्याने नमुना म्हणून सुरतेच्या कबरस्तानाचं रेखाचित्र काढलं. पंचवीसेक वर्षं ते त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं. एकट्या कबरीने हे साधलं नसावं. मोकळ्या माळावर घुमटामागे घुमट, मिनारामागे मिनार, अशा रांगेने साधलं असावं. बर्क तेव्हा जन्मलाही नव्हता. आता शहर कबरस्तानाला इतकं खेटलंय की लांबून तो सगळा पसारा पाहायला माळच उरलेला नाही.