देवमाशाचा घोटा

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. 1944 मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला, लांबी सुमारे 70 फूट. त्याच्यापाशी उभं राहिलं की कुणीतरी हमखास म्हणतंच, "याचे पूर्वज चार पायांवर चालायचे म्हणे! बघायला कोण गेलं होतं? हाडं जुळवायची आणि गोष्ट रचायची."

अहो, बघायला जावं लागत नाही. नातं खोटं ठरू शकेल अशी परीक्षा लावता येते, आणि इथे ती लागलीही. दातांवरून जीवाश्मतज्ज्ञ बरीच वर्षं सांगत होते, की देवमासे मेसोनिकिड नावाच्या नामशेष मांसाहारींमधून आले. 1990 च्या दशकात डीएनए वेगळंच बोलू लागला: सर्वांत जवळचा जिवंत भाऊबंद पाणघोडा, म्हणजे गाय-बकरी-डुकराचं समखुरी कूळ. आता कुणाचं खरं मानायचं?

निकाल घोट्यात होता. पाया आवडीने खाणाऱ्यांनी बकरीच्या घोट्याचं ते हाड चोखून बाजूला ठेवलं असेल. नीट बघा, त्याला वर आणि खाली दोन्हीकडे कप्पीसारखी खाच असते. ही समखुरींची खूण. घोड्या-कुत्र्यांत खाच वरच्याच टोकाला. डीएनए खरा असेल, तर पाय शाबूत असलेल्या आद्य देवमाशात दुहेरी कप्पी असायलाच हवी. नसती, तर डीएनएवाल्यांची पंचाईत होती. 2001 मध्ये दोन वेगवेगळ्या चमूंनी पाकिस्तानातल्या जीवाश्मांत असे घोटे दाखवले, आणि मेसोनिकिडांची बाजू मांडणाऱ्या फिलिप जिंजरिच यांनी मत बदललं. रचलेल्या गोष्टीत लेखक असा हरत नाही.

यात आपला कच्छही आहे. तिथल्या आद्य देवमाशांचं वर्णन अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी 1970 च्या दशकातच केलं होतं. पुढे जम्मूतल्या कालाकोटच्या खडकांतला इंडोह्यस हा नामशेष प्राणी आला ('नेचर', 2007): घोटा समखुरी, कानाचं हाड देवमाशासारखं जाड.

बाकीचे गैरसमज भराभर. पाणघोडा देवमाशाचा आजोबा नव्हे, चुलत भाऊ. डायनासोर सगळे संपले नाहीत. गुजरातमधल्या रहियोलीची डायनासोरची अंडी बघून परतताना तारेवर बसलेलं कबुतर त्यांच्यातलंच. नामशेष डायनासोरांचा डीएनए मात्र मागू नका, तो इतकी कोटी वर्षं टिकत नाही. तिथे भिस्त हाडांवर.

आणि देवमासा मासा नाही. पुन्हा म्युझियममध्ये गेलात तर त्याच्या वल्ह्यासारख्या पराकडे बघा, बोटांची पेरी मोजता येतील. घोटा शोधत बसू नका. मागचे पाय केव्हाच गेले.