Explained: घर गावठाणाच्या रेषेबाहेर गेले? सीमा बदलून मिळते का, अर्ज कुठे करायचा?

हिंगोली : पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणाच्या आसपासची गावे असोत की राज्यातील इतर कोणतेही खेडे, घरांची वाढ जुन्या गावठाणात मावत नाही. भावकीत वाटण्या होतात, नवे घर लगतच्या शेतात उभे राहते. कागदावर मात्र ते घर नव्हे, शेतच असते. ड्रोनने गावठाणांची मोजणी सुरू झाल्यापासून ही रेषा अनेकांसाठी कळीची ठरली आहे.

गावठाणाची रेषा कोण ठरवतो?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ नुसार गावठाणाची हद्द ठरवण्याचा आणि वेळोवेळी बदलण्याचा अधिकार जिल्हाधिकारी किंवा भूमापन अधिकाऱ्याला आहे. हद्द बदलताना जमीनधारकांचे विद्यमान हक्क विचारात घ्यावे लागतात. रेषेच्या आत वस्ती आणि बाहेर शेती, हा यामागचा हेतू. शेतजमीन सुटी-सुटी घरे बांधून संपू नये, यासाठी हे बंधन आहे.

ड्रोन मोजणीने काय बदलले?

केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. महाराष्ट्रात त्याआधीच पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात प्रायोगिक मोजणी झाली होती. गावठाणातील मिळकतींच्या सीमा चुन्याने आखल्या जातात, ड्रोन छायाचित्रे घेतो आणि पडताळणीनंतर मिळकत पत्रिका तयार होते. बँकेत कर्जासाठी किंवा वाटणीच्या वादात ही पत्रिका उपयोगी पडते. पण मोजणी गावठाणाची असते. रेषेबाहेरच्या घराची नोंद सातबाऱ्यावरच राहते.

ग्रामपंचायतीची घरपट्टी भरतो, ती चालणार नाही का?

नाही. नमुना ८ मधील नोंद कर आकारणीसाठी असते. ती मालकीचा पुरावा नाही आणि त्यामुळे जमीन गावठाणातही येत नाही.

२०० मीटरची सवलत म्हणजे काय?

संहितेत नंतर घातलेल्या कलम ४२-ड ने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीला निवासी वापरासाठी दिलासा दिला. त्यासाठी विहित रक्कम भरावी लागते. अकृषिक परवानगीचे नियम अलीकडे वारंवार बदलत असल्याने अर्जाच्या दिवशी लागू असलेली पद्धत आणि रक्कम तहसील कार्यालयातूनच विचारून घ्यावी.

येथे एक फरक लक्षात ठेवावा. ही सवलत जमिनीचा वापर बदलते, गावठाणाची रेषा हलवत नाही. केवळ बांधकाम नियमित करायचे असेल, तर बहुतेकांना एवढा मार्ग पुरतो.

रेषाच बदलायची असेल तर?

- आधी तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा व गटाचा नकाशा घ्यावा. घर खरोखर बाहेर आहे की नकाशावरील रेषाच चुकीची उतरली आहे, हे मोजणीतून कळते. चूक असेल तर हद्दवाढ नव्हे, अभिलेख दुरुस्ती मागावी.
- घर बाहेरच असेल तर सातबारा, मोजणी नकाशा, घरपट्टीच्या पावत्या आणि शेजारच्या गटधारकांची माहिती जोडून तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.
- ग्रामसभेचा ठराव असल्यास मागणीला बळ मिळते. एकट्या घरापेक्षा लगतच्या सलग घरांचा एकत्रित प्रस्ताव समजावून सांगणे सोपे जाते.

कोणती घरे अडचणीत येतात?

गायरानावरील घरे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याबाबत राज्यांना निर्देश दिले. त्यानंतर राज्य सरकारनेही १२ जुलै २०११ रोजी शासन निर्णय काढला. धरणालगतच्या गावांत आणखी एक तपासणी आवश्यक आहे : प्रकल्पासाठी संपादित झालेली जमीन जुन्या मालकाच्या ताब्यात दिसत असली तरी ती त्याची राहिलेली नसते.

शहरालगत नियम वेगळे का?

विकास आराखडा लागू असलेल्या भागात हरित पट्ट्याची सीमा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली येते. किरकोळ फेरबदलासाठी कलम ३७ आहे. त्यात राजपत्रात सूचना, हरकती, सुनावणी आणि शेवटी शासनाची मंजुरी असे टप्पे आहेत. इंग्लंडमध्येही शहरांभोवतीच्या ‘ग्रीन बेल्ट’ची सीमा एका घरमालकाच्या अर्जावर हलत नाही. ती अपवादात्मक कारण असेल तरच, स्थानिक आराखड्याच्या फेरआढाव्यात बदलते.

अर्ज फेटाळला तर?

लेखी आदेश मागून घ्यावा. महसूल संहितेनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध अपिलाची मुदत ९० दिवस, तर त्यांच्यापेक्षा कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध ६० दिवस आहे. तोंडी नकारावर अपील करता येत नाही, त्यामुळे अर्जाची पोच आणि आदेशाची प्रत जपून ठेवावी.